आत वळलेलं बोंड आणि कापलेली सिरिंज : एका बाळंतिणीचं प्रकरण

जन्माच्या वेळी मुलीचं वजन होतं २ किलो ९०० ग्रॅम. नवव्या दिवशी माझ्या काट्यावर ते भरलं २ किलो ५४० ग्रॅम. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळ थोडं उतरतं. सात टक्के, फार तर दहा टक्के. मग ते चढायला लागतं आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत जन्माच्या वजनाला येतं. हे बाळ नवव्या दिवशीही बारा टक्क्यांहून जास्त खाली होतं. चोवीस तासांत लघवी तीन-चार वेळा. रडण्यातही जोर नव्हता.

मी सोलापुरात स्तनपान समुपदेशनाचं काम करते. आईची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

आई चोवीस वर्षांची, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. सोबत तिची आई आणि भावजय. पिशवीत दुधाची बाटली, पावडरचा डबा, शतावरीच्या दाण्यांची बरणी. मी काही विचारायच्या आतच तिच्या आईनं सांगून टाकलं, "ताई, हिची बोंडं आत हायत. दूध हाय, पण पोरीच्या तोंडात बसतच नाही." मुलगी खाली मान घालून बसली होती. तिनं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं : "मला सातव्या महिन्यातच सांगितलं होतं, जमणार नाही म्हणून."

या प्रकरणाचा खरा इतिहास त्या सातव्या महिन्यातच सुरू होतो.

गरोदरपणाच्या एका तपासणीत कुणीतरी तिची स्तनाग्रं पाहिली, "आत आहेत, पाजायला त्रास होणार" असं सांगितलं आणि दोन उपाय दिले. एक, कपड्याच्या आत घालायची मधे भोक असलेली प्लास्टिकची पोकळ वाटी, जिला शेल म्हणतात. दुसरा, दोन अंगठे स्तनाग्राच्या दोन्ही बाजूंना ठेवून कातडी बाहेरच्या दिशेनं ताणायचा व्यायाम. तिनं वाट्या ऑनलाइन मागवल्या, उन्हाळ्यात घामानं खाज सुटली तरी वापरल्या. व्यायामही केला. रोज आरशात बघायची आणि रोज तिला तेच दिसायचं.

मग सिझर झालं. बाळ तिच्या कुशीत आलं ते पाच तासांनी. दोनदा लावून पाहिलं, बाळानं तोंड फिरवलं, रडलं. भोवती सगळ्यांना आधीच ठाऊक होतं की हिला जमणार नाही. तिसऱ्यांदा कुणी लावून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाटली आली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसतं, पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. या दोन आकड्यांमधली दरी कशी तयार होते ते मी अशा कहाण्यांमधून रोज ऐकते.

पावडरीचा डबा उघडून मी आजींना विचारलं, "एका वेळेला किती चमचे घालता?" त्या म्हणाल्या, "एक." पाणी? त्यांनी बाटलीवर बोट ठेवलं : ६० मिलिलिटरची रेघ. डब्यावर ३० मिलिलिटरला एक चमचा लिहिलेलं होतं. "घट्ट दूध लेकराला पचत नाही ना." आठवडाभर ते बाळ निम्म्या ताकदीचं दूध पीत होतं. पोट पाण्यानं भरायचं, म्हणून थोडा वेळ शांत झोपायचं आणि वजन उतरत जायचं. आजींवर रागावण्यात अर्थ नव्हता, त्यांनी नातीच्या काळजीनंच पातळ केलं होतं.

बालरोगतज्ज्ञांनी बाळाला लगेच तपासलं. रक्तातल्या सोडियमचं प्रमाण किंचित बिघडलेलं होतं, भरती करावं लागेल इतकं नाही. कावीळ उतरत आलेली, जीभ मोकळी, टाळू नीट.

आईची तपासणी मी एकटीनं, पडदा ओढून केली. स्तनाग्राच्या कडेच्या काळसर भागावर अंगठा आणि तर्जनी ठेवून हलकेच दाबलं की साधं स्तनाग्र बाहेर येतं, आत वळलेलं असेल तर आणखी आत जातं. त्याच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत ते सहज बाहेर येतं आणि टिकतं. दुसरीत बाहेर येतं पण सोडलं की परत आत. तिसरीत ओढूनही जवळजवळ येत नाही. आतल्या दुधाच्या नळ्या आखूड असतात, भोवतीचे तंतू त्यांना मागे धरून ठेवतात, म्हणून हे होतं. तिचं डावं पहिल्या पायरीचं होतं, खरं तर अडचणच म्हणू नये असं. उजवं दुसऱ्या पायरीचं. पण दोन्ही स्तन दुधानं तटतटलेले होते, आणि तटतटलेल्या स्तनावर चांगलं स्तनाग्रसुद्धा सपाट होऊन जातं. डावीकडे बाळ लागत नव्हतं ते या तटतटण्यामुळे. ते बोंडाच्या नावावर खपून गेलं होतं.

त्या दिवशी मी बोंड बाहेर ओढायच्या सिरिंजला हात लावला नाही. आधी बाळाचं पोट. बाटली बाजूला ठेवली आणि आजींनी घरचं चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायची चोचीची वाटी, काढलं. ते उकळून घ्यायला लावलं. अडीच किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ४०० मिलिलिटर दूध लागतं, म्हणजे दर तीन तासांनी ५० मिलिलिटर. आईचं हातानं काढलेलं दूध आधी, कमी पडेल तितकी पावडर, डब्यावरच्या मापानं. हातानं दूध काढायला शिकवलं तेव्हा पहिल्या खेपेला दोन्ही बाजूंचं मिळून १५ मिलिलिटर आलं. वाटीतलं ते पिवळसर दूध तिनं बराच वेळ पाहिलं. "हे माझंच?" तिनं विचारलं. भावजयीनं वहीत वेळ आणि माप लिहिलं. पुढचे चार आठवडे ती वही तिनंच सांभाळली. त्या वहीशिवाय मला हे प्रकरण लिहिता आलं नसतं.

आता त्या वाट्या आणि व्यायामाबद्दल, कारण या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान माझ्या मते तिथे झालं.

अंगठ्यांनी ताणायचा हा व्यायाम हॉफमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९५३ मध्ये सुचवला. तो पुस्तकांत गेला, प्रसूतिगृहांच्या भिंतींवर गेला, सुईणींच्या शिक्षणात गेला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तो खरंच चालतो का हे कुणी नीट तपासलं नव्हतं. १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये जो अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. पहिलटकरीण असलेल्या, आत वळलेली किंवा बाहेर न येणारी स्तनाग्रं असलेल्या ९६ गरोदर स्त्रिया घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले : कुणाला वाट्या, कुणाला व्यायाम, कुणाला दोन्ही, कुणाला काहीच नाही. निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. वाट्या वापरायला सांगितलेल्यांपैकी ५२ टक्क्यांची स्तनाग्रं सुधारली. न सांगितलेल्यांपैकी ६० टक्क्यांची. व्यायामात ५४ विरुद्ध ५८. हे फरक इतके लहान की त्यांवरून उपायानं बिघडलं असं म्हणता येत नाही, पण उपायाचा फायदा झाला असंही कुठे दिसत नाही. गरोदरपणात कातडी आपोआप सैल आणि लवचिक होत जाते. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्यातही निम्म्याहून जास्त जणींची सुधारणा झाली ती याच नैसर्गिक बदलामुळे, असं मला वाटतं.

मला अस्वस्थ करतो तो पुढचा आकडा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी, वाट्या न सांगितलेल्या ४८ पैकी २४ जणी अंगावर पाजत होत्या. वाट्या सांगितलेल्या ४८ पैकी १४. पन्नास टक्के विरुद्ध एकोणतीस. यातल्या काहींनी तर बाळ जन्माला यायच्या आधीच बाटलीचा निर्णय घेतला होता. पाजण्यासाठी दिलेल्या उपायानं पाजणाऱ्या आया कमी झाल्या! संशोधकांनी स्पष्ट लिहिलं की उपाय उपयोगी असल्याचा पुरावा नाही तोवर गरोदरपणात स्तनाग्रं तपासण्याची पद्धत सोडून द्यावी. १९९४ मध्ये ब्रिटन आणि कॅनडातल्या अनेक केंद्रांवर मिळून ४६३ स्त्रियांवर याहून मोठी चाचणी झाली. तिच्यात वाट्यांचा तोटा तेवढा ठळक दिसला नाही, पण वाट्या किंवा व्यायाम यांचा फायदाही दिसला नाही.

पहिल्या चाचणीतला फरक का पडला असावा? मी ही माझी समजूत म्हणून सांगते. वाटी रोज अंगावर चढवणाऱ्या बाईला रोज एक गोष्ट ऐकू येते, की तुझ्यात काहीतरी कमी आहे. माझ्यासमोर बसलेल्या मुलीच्या पहिल्या वाक्यात तेच होतं. तीन महिने तिनं अपयशाचीच तयारी केली होती. म्हणून पहिल्याच भेटीत तिला हे आकडे मी सांगितले, सोप्या शब्दांत, वाट्या हातात धरून. "तुझं काही चुकलं नाही. या वाट्यांनी कुणाचंच भलं झालेलं दिसत नाही." तिनं त्या वाट्या पिशवीत तळाला टाकल्या.

सिरिंजची गोष्ट वेगळी आहे आणि आपल्याला जवळची आहे. कर्नाटकातल्या दावणगेरे इथे डॉ. निर्मला केसरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. प्लास्टिकची साधी सिरिंज घ्यायची, सुई लावायचं टोक ब्लेडनं पूर्ण कापायचं, दट्ट्या बाहेर काढून कापलेल्या बाजूनं आत घालायचा. म्हणजे जी बाजू कारखान्यातून गुळगुळीत येते ती स्तनावर टेकते आणि कापलेली धार कातडीपासून लांब राहते. दट्ट्या हळू ओढला की स्तनाग्र नळीत उभं राहतं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा स्तनपान समुपदेशनाचा ४० तासांचा अभ्यासक्रम आला, त्यातही ही पद्धत आहे. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्रशिक्षणाला गेलात तर कुणीतरी सिरिंज कापून दाखवतंच.

पण पुराव्याच्या तराजूत ही युक्ती हलकीच आहे. दावणगेरेच्या लेखात मोजक्या माता होत्या आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ज्या कसोटीवर वाट्या नापास झाल्या, ती परीक्षा सिरिंजनं तशी दिलेलीच नाही. तरी मी ती वापरते, कारण तिची वेळ वेगळी आहे : बाळंतपणानंतर, पाजायच्या अगदी आधी, बाळ मांडीवर असताना. ती स्तनाग्र कायमचं बदलण्याचं आश्वासन देत नाही. बाळाच्या तोंडाला पहिला धरायचा आधार दोन मिनिटांसाठी मिळवून देते, आणि बाळ ओढायला लागलं की पुढचं काम बाळ करतं.

दहाव्या दिवशी, तटतटणं उतरल्यावर, आम्ही १० मिलिलिटरची सिरिंज कापली. तिचं स्तनाग्र जाड असतं तर २० ची घेतली असती. मी सांगितलं : दुखणार नाही इतकंच ओढ, अर्धा ते एक मिनिट धर, काढताना आधी दट्ट्या आत ढकल मग नळी उचल, पाजायच्या आधी दर वेळी.

इथे माझी चूक झाली. मी "दुखणार नाही इतकंच" म्हटलं, पण तिच्या हातानं तिला करायला लावून पाहिलं नाही. मीच करून दाखवलं आणि तिनं मान हलवली. बाराव्या दिवशी ती आली तेव्हा उजव्या स्तनाग्राभोवती जांभळट कडं उठलं होतं आणि तळाशी चीर पडली होती. "जास्त ओढलं की लवकर बाहेर राहील असं वाटलं, ताई." रात्री सगळे झोपल्यावर ती पाच-पाच मिनिटं दट्ट्या शेवटपर्यंत ओढून धरत होती. जी मुलगी तीन महिने खाज सोसून वाट्या घालते ती सिरिंजही अशीच वापरणार, हे मला आधी कळायला हवं होतं. दोन दिवस उजवीकडची सिरिंज बंद केली, त्या बाजूचं दूध हातानं काढलं, चिरेवर तिचंच दूध लावून वाऱ्यावर सुकू दिलं. नंतर दट्ट्या किती मागे आणायचा त्याची रेघ नळीवर पेनानं आखून दिली. तेव्हापासून प्रत्येक आईकडून मी माझ्यासमोर करून घेते आणि रेघ आखते.

डावीकडे मात्र अकराव्या दिवशीच जमलं होतं, सिरिंजशिवाय. भरलेला स्तन हातानं थोडा रिकामा करून मऊ केला. बाळ भुकेनं कळवळण्याआधी, अर्धवट जागं असतानाच, उघडं करून आईच्या छातीवर ठेवलं. आई मागे रेलून बसली. बोंडल्यानं आधी दहा-बारा मिलिलिटर पाजलं, कारण उपाशी बाळाला शिकायचा धीर नसतो. मग वडापाव खाताना जसा दाबून ओठांच्या रेषेत धरतो तसा स्तन धरायला लावला. बाळाचं नाक बोंडासमोर, हनुवटी आधी टेकलेली. तोंड मोठं उघडलं त्या क्षणी बाळाला जवळ घेतलं. भावजयीनं स्तनावर वरून चमच्यानं दुधाचे थेंब सोडले. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा धरलं, आणि दोन मिनिटांनी गिळण्याचा आवाज आला. आजी उभ्याच राहिल्या.

इथे शरीररचनेबद्दल थोडं सांगते, कारण जुन्या तक्त्यांवर अजून वेगळंच चित्र असतं. त्या चित्रात स्तनाग्रामागे दुधाच्या पिशव्या काढलेल्या असतात आणि बाळ त्या हिरड्यांनी दाबतं असं सांगतात. हे चित्र १८४० च्या अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदांच्या विच्छेदनांपासून चालत आलं. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे पाजणाऱ्या स्त्रियांचे स्तन अल्ट्रासाउंडनं पाहिले तेव्हा मुख्य नळ्या सरासरी नऊच निघाल्या, आणि त्या पिशव्या दिसल्याच नाहीत. पुढच्या अभ्यासांत दिसलं की बाळाची जीभ खाली जाते, तोंडात पोकळी तयार होते, तेव्हा दूध वाहतं. म्हणजे बाळाला लांब बोंड चावायला लागत नाही; तोंडभर मऊ स्तन आणि हवाबंद पकड लागते. उजव्या बाजूची आमची सगळी खटपट याच पकडीसाठी होती.

चौदाव्या दिवशी नवऱ्याचा फोन आला, "दूध वाढवायची गोळी असते म्हणे, ती द्या ना." ती गोळी म्हणजे डोमपेरिडोन, मुळात मळमळीचं औषध, डोपामिनला अडवतं म्हणून प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं संप्रेरक, वाढतं. तिच्यावर चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. कॅनडातल्या २०१७ च्या चाचणीत ९० माता होत्या, सगळ्यांची बाळं फार अपुऱ्या दिवसांची. दोन आठवड्यांत दूध निम्म्यानं वाढलेल्या माता गोळीच्या गटात ७७.८ टक्के, खोट्या गोळीच्या गटात ५७.८ टक्के. खोटी गोळी घेणाऱ्या निम्म्याहून जास्त जणींचंही दूध तेवढं वाढलं, कारण त्या नेमानं दूध काढत होत्या. दुसऱ्या बाजूला हृदयाच्या ठोक्यांच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्येच या वापराविरुद्ध इशारा दिलेला आहे. आमच्या प्रकरणात तर प्रश्न दूध बनण्याचा नव्हताच. वहीप्रमाणे ती त्या दिवशी ३०० मिलिलिटर हातानं काढत होती, डावीकडे बाळ पीत होतं ते वेगळं. मी नवऱ्याला वहीतला आकडा वाचून दाखवला आणि म्हटलं, गोळीऐवजी रात्री दोनचं बोंडलं तुम्ही पाजा, तिला सलग चार तास झोपू द्या. तो शनिवारी आला आणि दोन रात्री त्यानं ते केलं.

उजवीकडे बाळानं पहिल्यांदा धरलं ते सोळाव्या दिवशी, पहाटे, अंधारात, मी नव्हते. वहीत भावजयीचं अक्षर : "४.२० उजवी, ६ मिनिटं, आवाज आला."

वजनं अशी : अकराव्या दिवशी २ किलो ५९०, चौदाव्या दिवशी २ किलो ७००, एकविसाव्या दिवशी २ किलो ९३०. जन्माचं वजन गाठायला तीन आठवडे लागले, हे उशिराच आहे. पावडर अठराव्या दिवसापासून कमी करत पंचविसाव्या दिवशी बंद झाली. अडतिसाव्या दिवशी ३ किलो ५२०.

सगळं सुरळीत झालं असं नाही. उजव्या स्तनात दूध कमीच राहिलं. सुरुवातीचे दिवस त्या बाजूचे वाया गेले होते. पाचव्या आठवड्यातही रात्रीच्या पाजण्याआधी उजवीकडे सिरिंज लावावी लागत होती, दिवसा लागत नव्हती. आणि तिचा विश्वास तिच्या दुधाच्या मागून आला. वजन वाढत असतानाही बाळ संध्याकाळी रडलं की ती विचारायची, "पुरतंय ना?" मी दर वेळी तिलाच वहीतल्या लघव्या मोजायला लावत असे.

अडतिसाव्या दिवशी निघताना भावजय मागे थांबली. तिला पाचवा महिना होता. मला तेव्हाच कळलं. दार लोटून ती हळूच म्हणाली, "ताई, माझंही बघून ठेवा ना. आत आहेत का ते."

मी तिला बसवलं. गाठ, दुखणं, स्राव असं काही आहे का ते विचारलं. नव्हतं. मग पदर नीट घ्यायला सांगितला आणि तिच्याच वहीच्या शेवटच्या पानावर माझा नंबर लिहून दिला : कळा सुरू झाल्या की फोन कर, सिझर ठरलं तरी कर, पहिल्या तासात मी तिथे असेन.